झबलं

व्हॅन तिसऱ्यांदा नापास झाली, तर उद्यापासून रस्त्यावर नाही. शाळेनं तसं तोंडावर सांगितलं होतं. धूर तपासणारं केंद्र पाचला बंद होणार होतं आणि आता वाजले होते साडेतीन. व्हॅनवाल्या ताई ड्रायव्हरच्या सीटवर बसून आरशात मागे बघत होत्या.

"दाबा," मेकॅनिक बॉनेटखालून म्हणाला.

ताईंनी अॅक्सिलरेटर दाबला. मागे भिंत धुरात दिसेनाशी झाली.

"काळाच," त्या म्हणाल्या.

दोन दिवसांत त्यानं सगळं करून पाहिलं होतं. धूर पुन्हा इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह काजळीनं भरला होता, तो धुऊन काढला. इंजेक्टर तपासून आणले. धुरावर ढिम्म परिणाम नाही. आता एकच शक्यता उरली होती आणि ती त्याच्या तोंडून निघत नव्हती, म्हणून ताईंनीच विचारलं.

"इंजिन गेलं का? काय ते एकदाचं सांगून टाक."

"खोलल्याशिवाय कसं सांगू, ताई?"

"खोलायला किती दिवस?"

"आठ तरी."

आठ दिवसांत त्यांची अकरा मुलं दुसऱ्या कुणाच्या तरी व्हॅनमध्ये बसायला लागली असती. आणि एकदा तिकडे बसलेली मुलं परत येत नाहीत, हे ताई पुरतं ओळखून होत्या.

बाजूला जुन्या टायरवर त्यांचे यजमान बसले होते. धंद्यानं शिंपी, म्हणून सगळ्यांचे मास्तर. गाडीतलं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण बायको काळजीत असली की ते सोबत येतात आणि गप्प बसून राहतात. तेही काही कमी नाही म्हणा.

मेकॅनिक हात पुसता पुसता थांबला. "चालूच ठेवा, ताई." तो वाकून ऐकत राहिला. इंजिन धाप लागल्यासारखं हवा ओढत होतं. हवेच्या फिल्टरचा डबा त्यानं उघडलाच नव्हता. उघडणार तरी कशाला? दोन महिन्यांपूर्वी नवाकोरा फिल्टर त्यानंच तर घातला होता, आणि स्वतःच्या हातचं काम कोण तपासत बसतं. त्यानं डब्यातून इंजिनाकडे जाणारा जाड नळा उपसून बाजूला केला.

"आता दाबा."

मागे नुसती करडी फुंकर निघाली आणि विरून गेली.

"पुन्हा."

पुन्हा तेच. भिंत लख्ख दिसत होती.

"इंजिन ठणठणीत आहे," तो म्हणाला. "बिचाऱ्याला हवाच मिळत नाहीये." आणि डब्याच्या क्लिपा काढायला लागला.

"जपून हं," टायरवरून आवाज आला. "शिवण उसवेल."

दोघांनी वळून पाहिलं. दोन दिवसांत मास्तर पहिल्यांदाच बोलले होते.

मेकॅनिकनं झाकण उचललं. आत फिल्टर होता, आणि फिल्टरच्या अंगात निळ्या जाड कापडाचं कव्हर. आतून अस्तर, कडेनं पायपिंग, कोपरे कसे टोकदार, खाली इलास्टिक. तान्ह्या बाळाला झबलं घालावं तसं बसवलेलं. मेकॅनिकनं ते बोटांनी चाचपून पाहिलं.

"काम एक नंबर आहे, मास्तर. पण गाडीचं नाक-तोंड दाबलंत की हो."

"तू जुना फिल्टर काढलास तेव्हा पाहिलं ना मी. केवढी ती धूळ." मास्तर उठून उभे राहिले. "हिला सहा महिने खोकला. म्हटलं, तीच धूळ आत येत असणार."

"ही हवा इंजिनासाठी. आत बसणाऱ्यांच्या हवेची वाट वेगळी."

"ते मला काय ठाऊक? मी आपलं दुहेरी घातलं."

ताईंना हसावं की रडावं कळेना. दोन दिवसांत मेकॅनिकला, पंपवाल्याला, व्हॅन विकणाऱ्याला, सगळ्यांना त्यांची लाखोली वाहून झाली होती. आणि ज्याला वाहायची तो इथे टायरवर बसलेला.

केंद्रावर पोचायला साडेचार झाले. तिथल्या माणसानं सायलेन्सरमध्ये नळी खुपसली. तो सांगेल तेव्हा ताई दाबत होत्या. शेवटच्या वेळी त्यांनी डोळेच मिटून घेतले.

"पास," तो जांभई देत म्हणाला.

ताईंचा जीव भांड्यात पडला. स्टिअरिंगवर कपाळ टेकून त्या जराशा रडल्या, मग पदरानं तोंड पुसून त्यांनी गाडी काढली. मास्तर शेजारच्या सीटवर अंग चोरून बसले होते.

"चुकलंच माझं," ते म्हणाले.

"चुकलंच." ताईंनी गिअर बदलला. "सीटांना शिवलंत, स्टेपनीला शिवलंत, आता फिल्टरला. वीस वर्षं झाली लग्नाला, माझ्यासाठी कधी काही शिवलंत? बाहेर शिवायला टाकते मी. शिंप्याची बायको."

चौकात सिग्नल लाल होता. गाडी थांबली, तशी मास्तरांनी खिशातून टेप काढली.

"हात जरा लांब कर."

"अहो, लोक बघतायत."

"बघू देत." त्यांनी बाहीचं माप घेतलं, मग मनगटाचं, आणि आकडे पेनानं स्वतःच्या तळहातावर लिहिले. ताई समोर बघत ताठ बसून राहिल्या.

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न वाजायला लागले.

"हलू नकोस," मास्तर म्हणाले, "खांदा राहिलाय."