मनगटावरचा थेंब

गॅरेजमधल्या फळीसमोर ती बराच वेळ उभी होती. चाकांवरचं ग्रीस धुवायचं डीग्रीझर तिने हातात घेतलं आणि परत ठेवलं. त्यात ॲसिड होतं. इंजिनवर मारायचं तर भलतंच जहाल, रंगासकट सगळं ओरबाडून काढणारं. रॉकेलचा वास जाता जात नाही. शेवटी रबरी नळ्यांनाही चालणारं सौम्य डीग्रीझर तिने एका वाटीत ओतलं आणि त्यात निम्मं पाणी घातलं.

"मिळालं का गं? सगळे खोळंबलेत," आई दारातून म्हणाली.

"आले."

वाटी घेऊन ती आतल्या खोलीत जाऊन बसली. आधी एक थेंब स्वतःच्या मनगटावर टाकला आणि थांबली. ही बाबांची खोड. नवीन काहीही गाडीला लावायच्या आधी ते स्वतःच्या मनगटावर लावून बघायचे. "लोखंडाला काय कळतंय, मिस्त्री?" म्हणत गिऱ्हाइकं त्यांची टर उडवायची. बाबा मान वर न करता म्हणायचे, "बोलत नाही म्हणून काय झालं?"

आईने चादर जराशी बाजूला सारली. काल इंजिनवर काम करता करताच बाबा गेले होते. त्यांच्या नखांत ते ग्रीस अजून तसंच होतं.

"अगं, लाव की आता," आई म्हणाली. "त्यांना आता कुठे झोंबणार आहे?"

तिने मनगटावरची नजर हलवली नाही.

"बोलत नाहीत म्हणून काय झालं, आई?"