मुकुटांची पेटी

"इथं कॉफी पीत नाहीत, दादा," वूला म्हणाली.

"मग पाटी लावायची होती त्यांनी." मनोलिसनं थर्मासचं झाकण उघडलंच. "बाकावर बसलेलं तरी चालतं ना? की तोही फक्त मॉर्मन लोकांसाठी?"

समोर मंदिराचा दरवाजा बंद होता. आत वूलाच्या एकुलत्या एक मुलीचं, थालियाचं, लग्न लागत होतं. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मंदिरात त्याच पंथाची माणसं जाणार, तीही धर्मगुरूनं पारखून घेतलेली. थालियानं तो पंथ घेतला होता. आई आणि मामा ग्रीक चर्चचे. त्यामुळे नवऱ्या मुलाच्या लांबच्या मावश्यासुद्धा आत आणि नवरीची आई बाहेर हिरवळीच्या कडेला, असा सगळा थाट होता.

वूलानं ठेवणीतला निळा पोशाख घातला होता. मांडीवर काचेची चपटी पेटी होती. पेटीत तिच्या लग्नात ग्रीक रीतीप्रमाणे नवरानवरीच्या डोक्यावर ठेवलेले दोन नाजूक मुकुट, पांढऱ्या फितीनं एकमेकांना जोडलेले. तिचा नवरा खाणीतल्या अपघातात गेला, त्यानंतर ही पेटी पलंगावरच्या भिंतीवरून कधी हलली नव्हती. आज पहाटे गाडीत बसता बसता वूला परत घरात गेली आणि ती घेऊन आली.

"ही कशाला आणलीस? आत नेऊ देणार आहेत का तुला?"

"असू दे."

"असू दे, असू दे. जन्मभर असू दे म्हणत आलीस, म्हणून पोरगी डोक्यावर बसली." मनोलिसनं कॉफीचा घोट घेतला. "तू तरी कमी आहेस का? साखरपुड्याच्या वेळी म्हणालीस, आपल्या चर्चबाहेरचं लग्न मी डोळ्यांनी बघणार नाही. देवानं ऐकलं बघ तुझं."

"म्हटलं होतं खरं," वूला म्हणाली.

आपण जास्तच बोललो असं मनोलिसला वाटलं. त्यानं आवाज खाली आणला. "रागात माणूस बोलतं गं. गुरुवारी ती आली, तेव्हाच मी ओळखलं होतं. स्वयंपाकघराचं दार लावून बसलात दोघी, आणि पोरगी डोळे पुसत गेली. 'आई, तुला आत येता येणार नाही' हेच सांगायला आली असणार. जीभ कशी रेटली म्हणतो मी."

वूला पेटीवरची धूळ पुसत राहिली. धूळ नव्हतीच.

"आणि तू? काल दिवसभर तिच्यासाठी बदामाची बिस्किटं भाजत बसलीस. खाऊन खाऊन मी दमलो, पण तू घोड्यासारखी उभी. फोन सारखा वाजतोय तर उचलायची फुरसत नाही. पिठाच्या डब्यामागं ढकलून दिलास."

"काहीतरी विकणाऱ्यांचे फोन होते."

"आज मी गप्प बसणार नाही. बापाच्या जागी उभा राहून वाढवलंय तिला. आजपासून माझ्या दारात तिला पाऊल टाकू देणार नाही."

"असं बोलू नको, दादा."

"तू मध्ये पडू नकोस."

दरवाजा उघडला. पांढऱ्या झग्यातली थालिया नवऱ्याचा हात धरून पायऱ्या उतरली. मागून व्याही, हॅस्लम, आणि त्यांचं गणगोत आलं. कुणीतरी फोटोसाठी हाका मारू लागलं. थालिया मात्र सरळ बाकाकडे आली आणि आईच्या गळ्यात पडली. वूलानं एका हातानं तिला धरलं. दुसरा हात पेटीवर होता.

मनोलिस व्याह्यांसमोर उभा राहिला. "एक विचारू? आधी बाहेर, चारचौघांत लग्न लावून मग इथं आला असतात, तर काय बिघडलं असतं?"

हॅस्लम गोंधळले. "पण आम्ही तर..."

"वर्षभर थांबावं लागतं, मामा," थालिया घाईनं म्हणाली. "बाहेर लावलं की मंदिर वर्षभर मिळत नाही. मला थांबायचं नव्हतं. चूक माझी आहे."

हॅस्लम सुनेकडे बघतच राहिले. नवऱ्या मुलानं मान खाली घातली.

"म्हणजे आईसाठी एक वर्ष निघालं नाही तुझ्याकडून." मनोलिसचा आवाज चढला. फोटोवाल्यांची बडबड थांबली. "लाज वाटते का तुला तिची? सांग ना सगळ्यांसमोर."

"नाही, मामा."

"मग हे काय आहे?"

"चुकलं माझं."

वूलाचे ओठ हलले. थालियानं तिच्याकडे बघून अगदी हळूच मान हलवली, नको म्हणून. वूलानं पेटी छातीशी धरली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"चल, वूला," मनोलिस म्हणाला. "बघितलं एवढं पुरे झालं. आणि तू ऐक गं, तुला मामा होता हे आता विसर."

थालियानं ऐकून घेतलं. तिचे डोळे भरून आले.

एवढ्यात नवऱ्या मुलाची आजी काठी टेकत टेकत बाकापाशी पोचली. तिला कानानं कमी ऐकू यायचं, त्यामुळे झाल्या प्रकाराचा तिला पत्ताच नव्हता. तिनं वूलाचा हात हातात घेतला.

"तुम्हीच आई ना? आता कसं वाटतंय? ताप उतरला का?"

मनोलिस जाता जाता थांबला. "कसला ताप?"

"काय म्हणालात?"

"ताप कसला?" तो मोठ्यानं म्हणाला.

"अहो, कालचा. काल आमच्या बागेत लग्न लागलं ना, सगळ्यांना बघता यावं म्हणून. हल्ली वर्षभर थांबावं लागत नाही, बरं झालं तो नियम गेला. पहिल्या रांगेतली खुर्ची यांचीच होती. शेवटपर्यंत कुणाला बसू दिलं नाही पोरीनं. म्हणाली, गुरुवारी मी स्वतः बोलवून आलेय, आई मुकुट घेऊन येणार होती, पण तापानं फणफणलीय. उन्हात उभी राहून सारखी फोन लावत होती बिचारी."

मनोलिसनं बहिणीकडे पाहिलं. वूला पेटीकडे बघत होती.

थालिया पुढं झाली. तिनं आईच्या थंडगार कपाळावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

"उतरलाय, आजी," ती म्हणाली. "आईला आता बरं आहे."