निळ्यानंतरचा काळा

“पट्टी काळी पडलीय,” नवरा फोनवर म्हणाला, आणि प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर वाकलेली ती ताठ झाली.

पट्टी तिनंच बनवली होती, द्रवस्फटिकाची, लेकीच्या कपाळावर चिकटवायला. ताप चढू लागला की काळी पट्टी आधी लाल होई, मग हिरवी, मग निळी. त्याच्याही वर गेला की आतल्या रेणूंची शिस्त एका क्षणात मोडे आणि पट्टी पुन्हा काळी. ताप नसतानाही काळी, हाताबाहेर गेल्यावरही काळी. तो एक क्षण अभ्यासण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. आज तोच क्षण तिला नको होता. मागच्या तापात लेकीला झटका आला होता, आणि पुन्हा इतका चढू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

रात्रभर नवराबायकोच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. सकाळी निघताना तिनं त्याला उशाशी बसवलं होतं, पट्टीवरून नजर हलवायची नाही या बोलीवर.

“काळी व्हायच्या आधी कुठला रंग होता?”

“निळा.”

“मधे हिरवा? लाल?”

“छे. निळ्यावरून थेट काळी. समोरच तर बसलोय.”

म्हणजे वरच गेला. उतरता ताप हिरव्या-लालवरूनच खाली येतो, त्याला दुसरी वाटच नाही. गाडीची किल्ली शोधताना टेबलावरच्या काचपट्ट्या खाली पडून फुटल्या, तिकडे तिनं पाहिलंही नाही.

“कपाळाला हात लावून बघ.”

“हाताचं काही खरं नसतं, पट्टीच बघायची, असं तूच बजावून गेलीस ना?”

“लाव म्हणते ना.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“गार आहे,” तो हळूच म्हणाला. “एकदम गार पडलीय गं.”

ती मटकन स्टुलावर बसली. निळ्यावरून थेट गार व्हायची वाट तिच्या साऱ्या शास्त्रात नव्हती. शास्त्राबाहेरची एकच तिला सुचली, आणि तिचं नाव मनातसुद्धा घेववेना.

फोनमध्ये पांघरूण सळसळलं. झोपेनं जड झालेला एक बारीक आवाज आला.

“आई, तू चिडू नकोस हं. पण बाबा मघापासून घोरत होते.”