वर सगळं ठीक

रुवेन्झोरीच्या डोंगरावर पाहुणे नेणाऱ्या आमच्या थेम्बोसाहेबांनी रिचार्ज वाचवायची नामी युक्ती काढली होती. वाटाड्याने रोज कड्यावरून पायथ्याच्या कासेसे गावातल्या कचेरीत मिस्ड कॉल द्यायचा. त्याचा अर्थ, वर सगळं ठीक.

"फोन उचललास तर पगार कापीन," त्यांनी कचेरीतल्या इथुंगूला बजावलं.

"आणि अडचण आली तर, साहेब?"

"माझ्या कंपनीत अडचण येत नसते!"

या खेपेला वाटाडा तापाने आडवा झाला, म्हणून साहेब स्वतःच पाहुण्यांना घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी कड्यावर घसरून त्यांचा पाय मोडला. खाली आणायला स्ट्रेचर आणि सहा माणसं हवी होती, आणि धुकं दाटत चाललं होतं. साहेबांनी कचेरीत फोन लावला. परत लावला. गारठलेल्या बोटांना तेवढं एकच बटण जमत होतं, म्हणून लावतच राहिले.

कचेरीत येऊन बसलेली त्यांची बायको अस्वस्थ झाली. "अगं इथुंगू, केव्हाचा वाजतोय! उचल की!"

 

"कशाला काळजी करता, वहिनी? साहेबांनी नवव्यांदा कळवलंय, वर सगळं ठीक आहे म्हणून."