पितळी ठसा

जमिनीवर वाळूच्या साच्यांच्या बारा पेट्या, बंद. क्रेनला लटकलेलं एक लेडल, वितळलेल्या लोखंडानं काठोकाठ भरलेलं. माणसं सात, त्यांत बाई एकच. आणि तिच्या हातात मोडलेल्या पाचरीचे दोन तुकडे.

पाचर म्हणजे नमुना. दर भट्टीचं थोडं लोखंड पाचरीच्या साच्यात ओतायचं, गार करून मोडायचं आणि टोकाकडची पांढरी कड मोजायची. चार मिलिमीटरपर्यंत चालते. त्यापुढं लोखंड काचेसारखं तडकतं.

नंदिनीनं पुन्हा पट्टी लावली. सात.

"थांबवा," ती म्हणाली.

"थांबवा? आन् मग?" आण्णा केबिनमधनं तरातरा आले. फाउंड्री त्यांची. नंदिनी त्यांची तीन महिन्यांपूर्वी आलेली मॅनेजर. "ह्या संगमेशनं पाचर लालभडक असतानाच पाण्यात बुडवली. कड वाढणारच की! लोखंडाला काय झाल्यालं न्हाय. ओता!"

संगमेशनं मान खाली घातली. बुडवली होती खरी, आण्णांच्याच आरडाओरड्यानं.

"असेलही तसं," नंदिनी म्हणाली. "म्हणूनच दुसरी पाचर ओतलीय. वाळूत सावकाश गार होऊ दे."

"तवर लेडल गार हुतंय त्याचं काय? तेराशे डिग्रीच्या खाली गेलं की ओतता येत न्हाय, ठावं हाय न्हवं? गाडी दारात हुभी हाय."

"लोखंड परत वितळवता येतं, आण्णा. हे ब्रेकचे ड्रम आहेत. घाटात ड्रम फुटला तर खाली गेलेला ट्रक परत वर आणता येत नाही."

"मालक मी हाय का तुमी? ओता म्हणतोय न्हवं? न्हायतर उद्यापासनं बसा मुरगूडला, घरात!"

सगळे तिच्याकडं बघू लागले. नंदिनीनं हातमोजे चढवले आणि पहिल्या पेटीचा वरचा भाग उचलायला लावला. आतल्या वाळूत उलटा 'न' दाबलेला होता. ही रीत आण्णांनीच घातलेली. ओतायचा हुकूम ज्याचा, त्याचं अक्षर साच्यात, म्हणजे पुढं प्रत्येक ड्रमवर.

तिनं अंगठ्यानं 'न' पुसून टाकला.

"उरलेले अकराही पुसते. तुमचा ठसा दाबा आणि खुशाल ओता."

मग संगमेशनं फळीवरच्या डब्यातनं 'आ'चा पितळी ठसा शोधला, पँटला पुसला आणि पुढं केला.

"तू पन व्हय रं?" म्हणत आण्णांनी तो हिसकावून घेतला. ते उकिडवे बसले. ठसा वाळूवर धरला, बोटभर वर. लेडलच्या तोंडाशी लोखंडावर काळसर साय धरायला लागली.

"आण्णा, बोला की," क्रेनवाला वरनं ओरडला.

ठसा वाळूला टेकला नाही.

शेवटी ते गुडघ्यावर हात ठेवून उठले. "मोडा ती पाचर. चांगली निघू दे, मग बघतो तुमच्याकडं."

"चांगली निघाली तरी आज हेच बरोबर होतं," नंदिनी म्हणाली. "उद्याही मी हेच करीन. मुरगूडला नाही, इथंच."

पाचर वाळूतनं काढली तेव्हा काळी पडली होती. संगमेशनं घण घातला. नंदिनीनं तुकडा उजेडात धरला, पट्टी लावली आणि मागच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं.

"पांढरी कड, अडीच मिलिमीटर."

क्रेनवाल्यानं लेडलचं तापमान सांगितलं. बाराशे सत्तर.