कुबिनच्या हातचं पाखरू

कुलकानं पुढं केलेल्या रताळ्याकडं कॅसोवरीनं, त्या माणसाएवढ्या उंच, न उडणाऱ्या पाखरानं, बघितलंसुद्धा नाही. पिंजऱ्याच्या खुंटांच्या फटीतून थेट लाथ आली आणि आतल्या बोटाची सुरीएवढी नखी त्याच्या पोटाजवळून सटकन गेली. कुलका मागं उडाला तो चिखलात बसला. कुलका म्हणजे नवरीचा बाप. त्याच्याच गावात, त्याच्याच अंगणात त्याची ही गत झाल्यावर दोन्हीकडची माणसं पोट धरून हसली.

"पाखरू आहे का भूत!" तो उठत म्हणाला. "कालपासून पिंजऱ्यात आहे, आमच्या कुणापुढं चोच म्हणून उघडली नाही मेल्यानं."

नवऱ्यामुलाच्या आईनं, कुबिननं, खाली पडलेलं रताळं उचललं, दातांनी तोडून मऊ केलं आणि हातावर धरलं. पाखरानं निळी मान खाली आणली. कपाळावरची काळी ढाल तिच्या मनगटाला टेकवली आणि रताळं गपकन गिळलं. बायका आ वासून बघत राहिल्या. कुबिनला मेलीला आभाळ ठेंगणं झालं.

व्हायचंच. हे पाखरू तिनं केवढंसं असल्यापासून वाढवलं होतं. अंगावर पिवळे पट्टे होते तेव्हा ते तिच्या पाठीवरच्या जाळीच्या पिशवीत झोपायचं, जिथं आधी तिचा लेक कोइमा झोपला होता. पुढं पट्टे गेले, केसांसारखी काळी पिसं आली, आणि तिच्या नवऱ्याची, तुमुनची, नजर फिरली. त्याला दुसरी बायको आणायची होती. असं पाखरू दिलं की कुठलाही बाप मुलगी देतो.

पण कुबिन काय कच्ची होती? तिनं पाखराला दुसऱ्या कुणाच्या हातचा घासच लागू दिला नाही. कुणी रताळं घेऊन जवळ आलं, की ही काठीनं खुंट बडवायची, किंचाळायची. पाखरू बिथरायचं आणि समोरच्याला लाथ घालायचं. मग ही कमरेवर हात ठेवून म्हणायची, "न्या की! माझ्या हाताशिवाय मरेल ते. न्या!"

तुमुन दात ओठ खायचा. "कॅसोवरीची मादी अंडी घालून चालती होते, पिलांमागं नर फिरतो. तू बाई नाहीसच, नर आहेस नर!"

"असू दे. पाखरू माझ्या कोइमाचं आहे."

सगळा जीव तिनं या एका गोष्टीवर टांगला होता. कोइमाला चांगल्या घरची बायको मिळेल. सून डुकरं बघेल, मळा खणेल. आणि आपण लेकाच्या चुलीपाशी पाय पसरून बसू, जन्मात एकदा तरी दुसऱ्याच्या हातचं गरम खाऊ, पिशवीत नातू झुलवू. एवढंच मागणं होतं बाईचं.

आणि आज ते पदरात पडत होतं. नवरीच्या मोलाची डुकरं खुंटांना बांधली होती, केळीच्या पानांवर पैशासारखे चालणारे शिंपले मांडले होते. अंगाला चोळलेल्या डुकराच्या चरबीनं चमकणारी नवरी बापाशेजारी उभी होती. गावचा म्हातारा काठी घेऊन ओळीनं चालत होता. तो एकेका वस्तूला काठी टेकवायचा, मोठ्यानं तिचं नाव घ्यायचा. काठी टेकली की वस्तू नवरीकडची झाली. कुबिन सकाळपासून ज्याला त्याला सांगत सुटली होती, "ही जात माणसाइतकी जगते हं! नातवंडांच्या लग्नापर्यंत काळजी नको."

"विहीणबाई," कुलका अंगावरचा चिखल निपटत म्हणाला, "पाखरू झकास आहे. पण उद्या तुम्ही घरी गेलात, की हे खाणार कुणाच्या हातचं?"

"शिकेल हो हळूहळू."

"आणि शिकायच्या आधीच मेलं तर? याच्या भरवशावर मी माझ्या पोराची सोयरीक ठरवलीय. मेलेलं पाखरू नेऊन देऊ का त्याच्या सासऱ्याला?" तो मुलीकडं वळला. "चल गं. आत चल."

नवरी वळली. म्हाताऱ्याची काठी हवेतच राहिली.

"थांबा!" कोइमा ओरडला. "आईला पाखराबरोबर ठेवून घ्या."

बोलला तो तुमुन. ज्याच्यापासून कुबिननं पाखरू एवढी वर्षं राखलं, तोच तेवढा पुढं आला.

"अरे ए शहाण्या! हिला ठेवली तर माझी डुकरं कोण बघणार?"

"माझी बायको येतेय की," कोइमा म्हणाला.

तुमुननं जरा विचार केला. नवरीच्या भरदार दंडांकडं बघितलं. मग मान हलवून मागं सरला.

कुबिनच्या हातावर रताळ्याचा चोथा तसाच होता. पाखरू तो टिपत होतं. तिनं लेकाकडं बघितलं. लेक नवरीकडं बघत होता.

"कोइमा," ती हळूच म्हणाली, "किती दिवस रे?"

उत्तर कुलकानं दिलं, अगदी आदरानं, हसतमुखानं.

"पाखरू आहे तोवर, विहीणबाई. माणसाइतकं जगतं, तुम्हीच म्हणालात ना?"

म्हातारा पुढं आला. त्यानं पिंजऱ्याला काठी टेकवली आणि मोठ्यानं म्हणाला, "पाखरू!" मग तो जरासा घुटमळला, आणि तीच काठी त्यानं कुबिनच्या खांद्याला टेकवली.