कापूस नसलेली गादी

उजाडता उजाडता रामकिसनांचं कंबरडं जमिनीला टेकलं. म्हणजे हवा पुन्हा गेली होती.

त्यांनी घाईनं सतरंजी ओढून सारखी केली. कडेनं चंदेरी काही डोकावत नाही ना, ते पाहिलं. डोक्यावर फलक होता: 'रस्ता होईपर्यंत ना खाट, ना गादी. उघड्या जमिनीवर ठिय्या. दिवस अडतिसावा.' अडतिसावा खडूनं लिहिलेलं होतं. बाकीचं पक्क्या रंगात.

नांदूरवाडी ते सडक, अडीच किलोमीटर. गेल्या पावसाळ्यात भावजयीच्या पोटात दुखायला लागलं, तेव्हा चौघांनी तिला खाटेवर घालून चिखलातून सडकेपर्यंत नेलं. त्याच खाटेवर तिला परत आणलं, तोंडावरून चादर ओढून. त्या दिवसापासून रामकिसनांनी खाट सोडली आणि डिसेंबर लागताच बदनापूरच्या बांधकाम कचेरीच्या दारात मंडप टाकला.

पहिले आठ दिवस खरोखर जमिनीवर काढले. बदनापुरात पारा आठावर आला होता. त्यांना खोकला लागला, पेपरात फोटो आला. त्याच आठवड्यात नांदूरवाडीच्या फाट्यावर दोन ट्रक खडी पडली. रामकिसनांना वाटलं, झालं. मग खडी तशीच पडून राहिली आणि शीतल आली.

शीतल त्यांची लेक, पुण्यात नोकरीला. पैसे भरून हिमाचलात बर्फावर तंबू ठोकून झोपायला जाणारी. बापाला तेच फुकटात मिळालेलं पाहून ती आधी रडली. मग पिशवीतून पाण्याच्या बाटलीएवढी गुंडाळी काढली.

"अप्पा, ही कॅम्पिंगची गादी. हवा भरायची. आत चंदेरी पडदा आहे, जमिनीचा गारवा वर येत नाही. बर्फावरसुद्धा पाठ गरम राहते."

"वर काय लिहिलंय, वाच. गादी न्हाई."

"हिच्यात कापूस आहे का?"

रामकिसन कापसाच्या मुलखातले. त्यांनी चिमटीत धरून, दाबून पाहिलं. कापूस नव्हता.

"मंग ही गादी न्हाई," ते म्हणाले आणि वर सतरंजी पसरली.

चार दिवसांत खोकला गेला. इतकी झोप त्यांना घरीही लागत नव्हती. अपराधी वाटायचं, पण पाठ टेकेपर्यंतच.

धास्ती एकच. कोणी पाहिलं, तर आंदोलन संपलं. पेपरवाले खोकल्यापेक्षा गादीचा फोटो मोठा छापतील. त्यातून उपअभियंता जगन्नाथ साहेबांची नजर बारीक. ते रोज सकाळी वेलदोडा चघळत यायचे, एक रामकिसनांच्या हातावर ठेवायचे आणि सतरंजीकडे बघत विचारायचे, "काका, पाठ काय म्हणते?"

"जमीनच हाय, साहेब. सवय झाली."

"आणि खोकला?"

"बिलकुल न्हाई."

"उत्तम," साहेब अगदी मनापासून म्हणायचे. माणूस भला. फक्त फाईल त्यांच्याच टेबलावर होती.

विसाव्या दिवशी गादीत बाभळीचा काटा घुसला. तेव्हापासून पहाटेपर्यंत ती बसायची. दिवसा लोकांसमोर फुंकायची सोय नव्हती. पण कचेरी सुटल्यावर रामकिसन एसटी स्टँडवर हातपाय धुऊन येईपर्यंत गादी पुन्हा टणक झालेली असायची.

हे काम दुर्गाबाईंचं. दुपारच्या गाडीनं त्या भाकरी घेऊन यायच्या, संध्याकाळच्या गाडीनं परत जायच्या. गादीच्या झाकणाला गोडसर वास यायचा. बायकोच्या हाताला गूळ असणारच. चाळीस वर्षांच्या संसारात कौतुक बोलून दाखवायची रीत नव्हती, म्हणून रामकिसन गप्प राहिले.

आज मात्र ते पहिल्यांदाच तिला सोडायला स्टँडपर्यंत गेले, तेव्हा त्यांच्या तोंडून गेलं, "थकत असशील. रोज फुंकायची म्हणजे."

"काय फुंकायची?"

"हळू बोल. गादी."

"चूल फुंकताना दम लागून राह्यला मला," दुर्गाबाई म्हणाल्या. "तुमची गादी मी काहून फुंकू? बायको कशाला केली, पंप आणायचा होता."

गाडी आली. त्या चढल्या. रामकिसन हातपाय न धुताच मागे फिरले.

मंडपाच्या मागच्या कनातीआड कोणीतरी गुडघ्यांवर बसलं होतं. सतरंजी बाजूला घडी घालून ठेवलेली. गाल फुगलेले, कानशिलं लाल. जगन्नाथ साहेब.

अडतीस दिवस गेले. रस्ताही गेला.

"साहेब, फोटो काढू नका," ते कसेबसे म्हणाले. "कापूस न्हाई तिच्यात."

साहेबांनी आधी घेतलेला श्वास गादीत पूर्ण सोडला. झाकण घट्ट फिरवलं, दोन्ही हातांनी दाबून पाहिलं, सतरंजी होती तशी पसरली. मग गुडघे झटकत उठले आणि खिशातून वेलदोडा काढून पुढे केला.

"फोटो कशाला, काका? थंडी वाढून राह्यली, पाठ सांभाळा. मागं तुम्ही नुसते खोकलात, तर मला दोन ट्रक खडी टाकावी लागली."